डबाच तर आहे ना तो!

"डबाच तर आहे ना तो, आतली कार्ट्रिज चांगली घेऊ की." कार्ट्रिज म्हणजे गाळणारी नळी, आणि डबा म्हणजे ती ज्यात बसते ते हाउसिंग. हे वाक्य मी आत्तापर्यंत चार-पाच वेगवेगळ्या परचेसवाल्यांकडून ऐकलंय. आणि खोटं कशाला बोलू, नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मी पण हेच म्हणायचो. फिल्टर म्हटलं की सगळे मायक्रॉन, म्हणजे छिद्र किती बारीक, ते विचारतात, मेंब्रेन, म्हणजे गाळणारा पडदा, कुठली ते विचारतात, किती दिवस चालणार ते विचारतात, आणि ज्या स्टीलच्या भांड्यात ती कार्ट्रिज बसते त्याबद्दल फक्त किती इंची आणि कधी मिळणार एवढंच.

माझी ही सवय मोडली ती एका पाण्याच्या लाइनवर. ०.२ मायक्रॉनच्या तीन कार्ट्रिज बसणारं हाउसिंग होतं आणि क्यूएचा, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्यांचा, रिपोर्ट असा की फिल्टरच्या आधी जीवाणूंचा काउंट ठीक, फिल्टरच्या नंतर वाढलेला. उलटंच सगळं. आम्ही कार्ट्रिज बदलल्या, परत तेच. दुसऱ्या कंपनीच्या घेतल्या, परत तेच. कार्ट्रिज कुठे फाटली नाही ना ते बघणारी इंटिग्रिटी टेस्ट पास. सॅम्पल घेणाऱ्या पोराला झापून झालं, त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती. तीन आठवडे असेच गेले आणि मग आमचे एक सीनियर फिटर काका होते त्यांनी लाइन बंद असताना हाउसिंग बेससकट सोडवलं, तिरकं केलं, आणि आउटलेटमधून अर्धा मग पाणी भळकन खाली. ड्रेन उघडा होता बरं का, रात्रभर उघडा होता. काका म्हणाले, "मायक्रॉन राहू दे, आधी पाणी कुठं थांबतंय ते बघ."

झालं असं होतं की ते हाउसिंग दिसायला चकाचक पण मुळात साध्या इंडस्ट्रियल ड्रॉइंगवर बनवलेलं. कार्ट्रिज ज्या प्लेटवर बसतात त्या प्लेटखाली एक बशीसारखी पोकळी, म्हणजे फिल्टर झालेलं स्वच्छ पाणी जमा होणारी जागा, आणि आउटलेट त्या पोकळीच्या तळातून न काढता बाजूने काढलेला. ड्रेन होता तो वरच्या, घाण बाजूचा. त्यामुळे प्रत्येक वेळी लाइन बंद झाली की स्वच्छ बाजूला दोन बोटं पाणी कोमट वातावरणात आरामात बसून राहायचं आणि सकाळी पहिल्या बॅचबरोबर पुढे जायचं. फिल्टर आपलं काम चोख करत होता, फिल्टरच्या पुढच्या पोकळीत मात्र जीवाणूंची शेती चालू होती.

तेव्हापासून कुठलंही हाउसिंग समोर आलं की मी आधी तोच प्रश्न विचारतो, बंद केल्यावर आत काय उरतं? या एका प्रश्नावर हाउसिंगचे सगळे प्रकार पटापट कळतात, कॅटलॉगची गरजच पडत नाही. म्हणून म्हटलं लिहून ठेवू.

अन्न-औषधाच्या लाइनला सॅनिटरी हाउसिंग लागतं, तर आधी सॅनिटरी म्हणजे नेमकं काय ते. लोकांना वाटतं स्टेनलेस स्टील आणि आरशासारखं पॉलिश म्हणजे सॅनिटरी. तसं नसतं हो. बाहेरून आरसा असतो आणि आत हात फिरवला की वेल्डची रेघ नखाला लागते, असली भांडी मी कितीतरी बघितलीत. बाहेरच्या चकाकीचा उपयोग फक्त व्हिजिटरला. आतल्या, प्रॉडक्टला लागणाऱ्या पृष्ठभागाचा खरखरीतपणा मोजतात, त्याला आरए म्हणतात, आणि अन्नाच्या लाइनला तो ०.८ मायक्रोमीटरच्या आत पाहिजे असा सर्वसाधारण दंडक आहे, फार्मात इलेक्ट्रोपॉलिश, म्हणजे विजेच्या मदतीने पॉलिश, करून ०.४ च्या आसपास किंवा खाली आणतात. बॅक्टेरिया साधारण एक मायक्रोमीटरच्या घरातला जीव, त्यामुळे खरखरीत स्टीलवरची प्रत्येक चर त्याला दडायला पुरते, हे डोळ्यासमोर आणलं की आकड्यांचा अर्थ लागतो. स्टील ३१६एल, आणि त्यातला तो 'एल' उगाच नाहीये, कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत ठेवलेला असतो. कार्बन जास्त असला की वेल्डिंगच्या उष्णतेत तो क्रोमियमला पकडून बसतो, वेल्डच्या शेजारी क्रोमियम कमी पडतं आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो.

बाकीच्या गोष्टी म्हणजे प्रॉडक्टच्या बाजूला कुठेही आटे नकोत, कोपरे गोलाईदार हवेत, गास्केट आतल्या भिंतीला सपाट बसलं पाहिजे आणि सगळं भांडं हत्यार फारसं न वापरता उघडता आलं पाहिजे. आट्यांवर मी जरा जास्तच चिडतो. घाण बाजूला ड्रेन म्हणून आट्यांचा प्लग, त्यावर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळलेली, आणि हाउसिंगवर स्टिकर 'सॅनिटरी डिझाइन'. आट्यांच्या त्या सर्पिल खोबणीत शिरलेलं दूध किंवा सिरप कुठलाही सीआयपी, म्हणजे लाइन न उघडता आतून धुणं, बाहेर काढू शकत नाही.

याचे कागदोपत्री नियम पण आहेत. दुग्ध व्यवसायातून आलेलं अमेरिकेचं थ्री-ए, त्यात तर एकदा वापरून फेकायच्या फिल्टर मीडियासाठी वेगळं स्टँडर्डच आहे. युरोपात १९८९ मध्ये स्थापन झालेलं ईएचईडीजी, आणि बायोफार्मासाठी एएसएमई बीपीई, ज्याची पहिली आवृत्ती १९९७ ची. तिन्हींची भाषा वेगळी पण तिन्हींच्या पोटात काकांचंच वाक्य आहे, पाणी कुठं थांबतंय.

आता सगळ्यात जास्त दिसणारं हाउसिंग म्हणजे द्रवासाठीचं कार्ट्रिज हाउसिंग. खाली बेस, त्यावर उपडी घातलेल्या लांबट ग्लाससारखी बॉडी, मध्ये क्लॅम्प. यात एक कार्ट्रिजवाला सिंगल राउंड आणि मग तीन, पाच, सात, बारा वगैरे बसणारे मल्टी राउंड. लांबी १०, २०, ३०, ४० इंच. सिंगलमध्ये बहुतेक वेळा इनलेट आणि आउटलेट बेसवरच एकाच सरळ रेषेत समोरासमोर असतात, त्याला टी टाइप म्हणतात, आणि मला हा प्रकार मनापासून आवडतो कारण पाइप न हलवता नुसता क्लॅम्प सोडून बॉडी वर उचलली की कार्ट्रिज समोर उभी. स्वच्छ बाजू कार्ट्रिजच्या तोंडातून थेट आउटलेटमध्ये जाते, मध्ये बशी नाही की काही नाही. दुसरा प्रकार ज्यात पाइप भांड्याच्या दोन टोकांना लागतो, म्हणजे इनलाइन. जागा कमी लागते, हवेला छान, पण द्रवाला घ्यायचं असेल तर कार्ट्रिज बदलताना लाइन सोडवावी लागणार हे लक्षात ठेवा, आणि रात्रपाळीला लाइन सोडवायची म्हटलं की कार्ट्रिज 'अजून दोन दिवस चालेल' असं आपोआप ठरतं.

कार्ट्रिजचं बूड कसं बसतं हा खरा कळीचा भाग. साध्या हाउसिंगमध्ये दोन्ही टोकं उघडी असलेली कार्ट्रिज असते, ती वरून खालून नुसती दाबून धरलेली, एका चपट्या गास्केटवर किंवा स्टीलच्या धारेवर. पाण्याच्या प्री-फिल्टरला ठीक आहे, पण दाब जरा कमी-जास्त झाला किंवा वरचा नट अर्धा आटा ढिला राहिला की न गाळलेलं पाणी बाजूने निघून जातं आणि कुणाला कळत पण नाही. सॅनिटरीत एकच टोक उघडं असतं, त्यावर दोन ओ-रिंग, म्हणजे रबराच्या गोल कड्या, आणि त्या बेसमधल्या गोल खड्ड्यात सरकून बसतात. या बुडांच्या प्रकारांना कोड नंबर असतात, सगळ्यात पक्का समजला जातो तो कोड ७, म्हणजे २२६ साइजच्या दोन ओ-रिंग, बाजूला लॉक व्हायचे कान आणि दुसऱ्या टोकाला भाल्यासारखं टोक. दाबायचं आणि फिरवायचं, कान खाचेत अडकतात. हे कान कशाला असं मला पण वाटायचं, मग एकदा कोड ८ वाली कार्ट्रिज, म्हणजे २२२ च्या ओ-रिंग, कान नाहीत, वरून धरून ठेवणारी प्लेट लावायला शिफ्टवाला विसरलेला, उलट दाब आला आणि कार्ट्रिज बुडातून उचलली गेली. बॉडी उघडली तर कार्ट्रिज तिरकी उभी, आणि त्याआधीची सहा तासांची बॅच न गाळताच पुढे गेलेली. त्या बॅचचं पुढे काय झालं ते नको विचारू.

बसवताना अजून एक. ओ-रिंग कोरडी ढकलायची नाही, स्वच्छ पाण्याने ओली करायची, नाहीतर ती खोबणीत गुंडाळली जाते आणि कापली जाते. कार्ट्रिज तिच्या पिशवीतूनच बुडाजवळ धरायची, मधे धरून जोर लावला तर वाकते. हे कार्ट्रिजच्या खोक्यावर चित्र काढून दिलेलं असतं, खोकं मात्र स्टोअरमध्येच फाडून फेकलेलं असतं.

वरच्या घुमटावर व्हेंट, म्हणजे हवा जायचं तोंड, असतो आणि तो शोभेचा नाही. भरताना तो उघडून ठेवायचा, बुडबुडे थांबून सलग द्रव यायला लागला की बंद. नाही केलं तर घुमटात हवा अडकते, कार्ट्रिजचा वरचा भाग कोरडा राहतो, तेवढा भाग गाळतच नाही, आणि इंटिग्रिटी टेस्टला तर मजाच. ती टेस्ट मुळात ओल्या छिद्रांमध्ये पाणी किती घट्ट धरून बसतं ते बघते, त्यामुळे कोरड्या राहिलेल्या भागातून हवा सरळ आरपार जाते आणि चांगली कार्ट्रिज फेल दाखवते. कितीतरी महागड्या कार्ट्रिज या एका कारणाने कचऱ्यात गेल्यात असा माझा पक्का संशय आहे. टेस्ट फेल झाली तर आधी नीट ओली करा, वरच्या क्लॅम्पचं गास्केट बघा, ओ-रिंग बघा, मग कार्ट्रिजला दोष द्या.

आता एक गणित, कारण ह्यावर मी एका बाईंशी अर्धा तास वाद घातलाय आणि हरलोय. माझं म्हणणं होतं की लाइनचा सीआयपी चालू असतो तेव्हा हाउसिंग पण त्याच लाइनमध्ये आहे ना, मग ते पण धुतलं जातंच. त्या क्यूएच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, वेग काढा. सीआयपीला पाइपात सेकंदाला साधारण १.५ मीटर वेग धरतात. समजा पाइप ५० मिलिमीटरचा आणि हाउसिंग २०० मिलिमीटर व्यासाचं. व्यास चौपट म्हणजे क्षेत्रफळ सोळा पट, म्हणजे हाउसिंगमध्ये वेग सोळाव्या हिश्शावर, सेकंदाला जेमतेम ९ सेंटिमीटर. आत कार्ट्रिज नाहीत असं धरून हे, असल्या तर वेग थोडा वाढतो, पण १.५ मीटरच्या जवळपासही जात नाही. ९ सेंटिमीटरने भिंत घासली जात नाही, नुसती भिजते. म्हणून मल्टी राउंड हाउसिंग नुसत्या सीआयपीच्या भरवशावर सोडायचं नाही, ठरावीक दिवसांनी उघडायचं, हाताने धुवायचं, टॉर्च मारून बघायचं, नाहीतर आत स्प्रे बॉल, म्हणजे चोहीकडे पाणी फवारणारा गोळा, लावायची सोय करून घ्यायची. मॅडमना तेव्हा 'बघू' म्हटलं होतं, आज कबूल करतो.

गरम वाफेने जागच्या जागी निर्जंतुक करायचं असेल, म्हणजे एसआयपी, तर भांड्याची परीक्षा अजून कडक. १२१ अंशाची संपृक्त वाफ सगळीकडे पोचली पाहिजे, हवा बाहेर गेली पाहिजे आणि थंड होऊन साचलेलं पाणी खालून निघत राहिलं पाहिजे. जिथे पाणी साचतं तिथे तापमान चढत नाही, साधं आहे. त्यात कार्ट्रिजचा प्लॅस्टिकचा सांगाडा या तापमानाला मऊ पडलेला असतो, त्यामुळे बहुतेक कार्ट्रिजवर दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक ०.३ बारच्या आसपासच ठेवायला सांगतात. घाईघाईत वाफेचा व्हॉल्व्ह भसकन उघडला की कार्ट्रिज आत चेपते, उघडून बघितल्यावर दाबलेल्या बाटलीसारखी दिसते. आणि शेवटी वाफ बंद करून निघून गेलं की आत व्हॅक्यूम, म्हणून थंड होताना स्टराइल हवेचा दाब द्यायचा. म्हणजे हवेचा फिल्टर लागला, म्हणजे पुढचं हाउसिंग.

हवेचं आणि टाकीच्या व्हेंटचं हाउसिंग. हे सगळ्यात दुर्लक्षित भांडं, टाकीच्या डोक्यावर बसलेलं, शिडी चढून कोण बघणार. काम एवढंच की टाकी रिकामी होताना आत जाणारी हवा गाळायची. आत पाण्याला नकार देणारी मेंब्रेन असते, बहुधा पीटीएफईची, म्हणजे टेफ्लॉनची, ०.२ मायक्रॉन. पाण्याला नकार देते म्हणजे पाणी तिच्यावर साचलं तर हवेचा रस्ताच बंद, ते पाणी पलीकडे ढकलायला काही बार दाब लागतो. आणि ते पाणी येतं कुठून तर गरम टाकीतून वर आलेली वाफ थंड हाउसिंगला लागून.

आता चित्र बघा. टाकीचा गरम सीआयपी झालाय, आत वाफ भरलीय, वरचा व्हेंट ओला होऊन गुदमरलाय, आणि कुणीतरी थंड पाण्याचा रिन्स चालू केला. एक घनमीटर वाफ म्हणजे फक्त ६०० ग्रॅम पाणी, ती थंड झाली की उरतं अर्धा-पाऊण लिटर पाणी आणि बाकी सगळी पोकळी. बाहेरून वातावरण चौरस मीटरला दहा टन दाबाने उभं आहे. पूर्ण व्हॅक्यूम कशाला, नुसता ०.१ बारचा फरक झाला तरी चौरस मीटरमागे एक टन. अन्नाच्या, पाण्याच्या मोठ्या टाक्या बहुतेक आतून भरायला बनवलेल्या असतात, बाहेरून दाब सोसायला नाही. मी एक अशी टाकी बघितलीय, बाजूने मुठीत धरून दाबल्यासारखी आत गेलेली, आणि ऑपरेटर सांगत होता की आवाज फार मोठा नव्हता आला हो साहेब, नुसतं "धप्प" झालं.

म्हणून व्हेंट हाउसिंगला गरम ठेवायची सोय करतात, एकतर बाहेरून वाफेचं जॅकेट नाहीतर इलेक्ट्रिक हीटर गुंडाळलेला, तापमान इतकंच की वाफ आत थंड होऊ नये. हीटर जास्त गरम ठेवला तर उलट कार्ट्रिजचं प्लॅस्टिक वर्षभर भाजून ठिसूळ होतं, तो पण एक प्रकार. आणि हाउसिंग असं बसवायचं की जे काही थेंब होतील ते स्वतःच्या वजनाने टाकीत परत पडतील, आडवा पाइप काढून बाजूला भिंतीवर 'सोयीचं' बसवलं तर त्या आडव्या पाइपात पाणी थांबलंच म्हणून समजा. शिवाय टाकीला व्हॅक्यूम रिलीफ, म्हणजे आत पोकळी झाली की हवा आत घेणारा व्हॉल्व्ह, वेगळा पाहिजेच, फिल्टरच्या जिवावर टाकी सोडायची नाही.

वाफेचं हाउसिंग थोडक्यात. प्रॉडक्टमध्ये थेट मिसळणारी वाफ गाळायची असेल तर त्याला थ्री-ए मध्ये वेगळी पद्धत दिलीय, २ मायक्रॉन आणि त्यावरचे ९५ टक्के कण अडवणारा फिल्टर पाहिजे. आत मेंब्रेन चालत नाही, स्टीलची बारीक भुकटी भाजून केलेली सच्छिद्र नळी असते, धुऊन परत वापरता येते. इथे पण तेच, बुडाला स्टीम ट्रॅप, म्हणजे वाफ अडवून फक्त साचलेलं पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, नीट चालला पाहिजे, नाहीतर नळी पाण्यात बुडून बसते आणि ऑपरेटर म्हणतो वाफ कमी येतेय, बॉयलरवाल्याला फोन लावा. बॉयलरवाल्याचा काही संबंध नसतो.

बॅग हाउसिंग मला आवडत नाही, आधीच सांगतो, म्हणजे माझं मत पक्षपाती समजा. मोठं भांडं, आत जाळीची स्टीलची बास्केट, त्यात कापडी पिशवी. साइज १ म्हणजे ७ इंच व्यास आणि साधारण १६ इंच लांब, साइज २ तेवढ्याच व्यासाची पण लांबी दुप्पट. स्वस्त, पटकन बदलता येते, घाण पिशवीच्या आत अडकते आणि पिशवीबरोबर बाहेर जाते हे सगळं खरं. पण पिशवीची वरची रिंग नीट बसली की नाही हे दिसत नाही, ओली पिशवी उचलताना तिच्यातून गळणारं घाण पाणी नेमकं स्वच्छ बाजूला पडतं, आणि बास्केटच्या प्रत्येक भोकाची कड म्हणजे घाण धरायची एक जागा. सिरपमधले तंतू, कचरा पकडायला पहिला टप्पा म्हणून ठेवा, शेवटचा टप्पा म्हणून कधीच नको. चोवीस तास लाइन चालवायची असेल तर दोन भांडी शेजारी ठेवून मध्ये व्हॉल्व्ह, म्हणजे डुप्लेक्स. कल्पना छान, फक्त जे भांडं 'स्टँडबाय' असतं ते भरलेलं ठेवायचं की रिकामं हे आधी ठरवा. बहुतेक ठिकाणी ते अर्धं भरलेलं असतं आणि तेच सगळ्यात वाईट.

स्ट्रेनर तर अजून साधा, भोकाची नळी, वर जाळी चढवलेली, सरळ लाइनमध्ये किंवा काटकोनात. इथे एकच गोष्ट सांगतो, प्रवाहाची दिशा. जाळी बाहेरून चढवलेली असेल तर प्रवाह बाहेरून आत पाहिजे म्हणजे नळी जाळीला आधार देते. उलटा लावला की जाळी फुग्यासारखी फुगते, फाटते आणि तिचेच तुकडे प्रॉडक्टमध्ये. पंप वाचवायला लावलेला स्ट्रेनरच मग मेटल डिटेक्टरला वाजतो.

जाड, पॅडसारख्या मीडियाच्या गोल चकत्या एकावर एक रचून जे मॉड्यूल होतं त्याचं हाउसिंग म्हणजे लेंटिक्युलर. १२ किंवा १६ इंच व्यासाची मॉड्यूल, तीन-चार एकावर एक, मधल्या दांड्यावर दाबून बसवलेली आणि वरून मोठा घुमट. पूर्वी ज्या उघड्या प्लेट-फ्रेम प्रेसमधून चोहोबाजूंनी ठिबकत असायचं त्यापेक्षा हे बंद भांडं शंभर पटीने बरं. पण आत काय उरतं हा प्रश्न इथे सगळ्यात महाग पडतो, कारण भांडं मोठं, पॅड स्पंजासारखे, बॅच संपल्यावर आत बरंच प्रॉडक्ट राहतं आणि ते हवेने ढकलून किंवा पाण्याने धुऊन काढावं लागतं. उलट दाब चुकूनही नाही, चकत्या फाटतात. आणि भिजलेलं मॉड्यूल उचलताना कंबर सांभाळा, कोरडं असतं तेव्हाच्या वजनावर जाऊ नका.

कॅप्सूल हा एक मजेदार प्रकार, त्यात हाउसिंगच नसतं, म्हणजे असतं पण प्लॅस्टिकचं आणि कार्ट्रिजला कायमचं जोडलेलं, वापरा आणि फेका. गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेली पण मिळते, धुवायचं नाही, धुतलं हे सिद्ध पण करायचं नाही. सुरुवातीला मला हा नुसता अपव्यय वाटायचा. पण लहान बॅच, रोज वेगळं प्रॉडक्ट असेल तर एका स्टीलच्या हाउसिंगमागे जो वेळ, केमिकल, पाणी आणि कागद जातो तो मोजला की गप्प बसावं लागतं. मोठ्या सलग लाइनला मात्र स्टीलच.

क्रॉसफ्लो वगैरे, ज्यात द्रव मेंब्रेनला समांतर वाहत जातो, म्हणजे कॅसेट होल्डर, गुंडाळलेल्या मेंब्रेनच्या लांब नळ्या, ते वेगळंच जग आहे. एवढंच सांगतो, साध्या पाण्याच्या आरओमध्ये मेंब्रेन आणि नळी यांच्यामधली फट एका सीलने बंद करतात आणि त्या फटीत पाणी स्थिर राहतं. सॅनिटरीत ती फट मुद्दाम वाहती ठेवतात, थोडा प्रवाह बाजूने वाया गेला तरी चालेल पण थांबलेलं नको. काका हे बघून खूश झाले असते.

गास्केटवर बोलल्याशिवाय सोडणार नाही. पाइप जोडायच्या ट्रायक्लॅम्पमध्ये १ इंच आणि दीड इंच या दोन्ही फेरूलचा, म्हणजे पाइपाच्या टोकावरच्या कडेचा, बाहेरचा व्यास सारखाच असतो, ५०.५ मिलिमीटर. म्हणजे क्लॅम्प एकच, आणि १ इंची गास्केट दीड इंचाच्या जोडात अगदी सुखाने बसतं. बाहेरून काही कळत नाही, गळत पण नाही. आत मात्र चहूबाजूंनी रबराची कड प्रवाहात आलेली आणि तिच्या मागे कायमचा साठा. आम्ही शेवटी दोन साइजचे दोन रंग करून टाकले, स्टोअरवाल्याने कुरकुर केली पण केले.

आणि मटेरियल, ईपीडीएम हे रबर वाफेला चांगलं पण तेल-तुपाला नाही, फुगतं आणि मऊ पडतं. सिलिकॉन दिसायला छान, पण सतत वाफ दिली तर हळूहळू खराब होत जातं. पीटीएफईला कशाचाच त्रास नाही पण दाबाखाली ते पसरतं, गरम-थंड होऊन परत येत नाही, म्हणून पहिल्या गरम सायकलनंतर क्लॅम्प परत आवळायला लागतो. एकच गास्केट सगळ्या प्लांटला चालवणारे लोक असतात, त्यांच्या प्लांटमध्ये सगळीकडे थोडंथोडं गळत असतं.

मागच्या महिन्यात नवीन पाच राउंडचं हाउसिंग घ्यायचं होतं. ह्यावेळी मी हट्टच धरला की व्हेंडरकडे जाऊन बघायचं, आणि परचेसवाल्याला पण बरोबर घ्यायचं. रिबोफ्लेविनचं पाणी, म्हणजे तेच ते व्हिटॅमिन बी-२, लिटरला ०.२ ग्रॅम, ते आतून सगळीकडे फवारलं, मग नेहमीचा रिन्स केला, ड्रेन उघडला, हॉलचे दिवे घालवले आणि यूव्ही टॉर्च मारला. जिथे राहिलंय तिथे पिवळट हिरवं चमकतं. भिंती काळ्याभोर, बेस काळाभोर, कार्ट्रिजचे पाचही खड्डे साफ, मला वाटलं चला पास. तेवढ्यात परचेसवालाच म्हणाला, "साहेब, ते वर काय दिसतंय?" घुमटावर प्रेशर गेजसाठी जो नोझल वेल्ड केला होता त्याच्या आत हिरवी अंगठी चमकत होती. मोजला तर नोझलची लांबी व्यासाच्या जवळजवळ चौपट, आणि बायोफार्मात दुपटीच्या वर जाऊ नये असं धरतात. व्हेंडर म्हणाला एवढं चालतं हो, गेजच आहे ना. मी तोंड उघडायच्या आत आमच्या परचेसवाल्याने स्वतः वाकून आत परत एकदा टॉर्च मारला आणि विचारलं, "हा कापून लहान करायला तुम्हाला किती दिवस लागतील?"